तीन कप, मनोरमाचे

वहीत लिहिलंय: मैदा तीन कप, मनोरमाचे.
साखर दोन, तिचेच.
लोण्यापुढे तेलाचा डाग पडलाय,
त्या डागाएवढंच असावं.

आत्याचा कप इनॅमलचा, निळ्या काठाचा,
बुडाशी टवका उडालेला.
ती गेली त्या मार्चमध्ये तिची खोली आवरताना
तो भंगाराच्या गोणीत गेला.
कुणी टाकला, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.
आईचा संशय माझ्यावर आहे.
माझाही.

तेव्हापासून दर नाताळात
आम्ही तिला अंदाजाने शोधतो.
आई स्टीलचा पेला भरते, थोडा परत ओतते,
बोटाने कड सपाट करते,
म्हणते, मनूचा हात जड होता, घाल अजून.
एका वर्षी केक विटेसारखा झाला.
एका वर्षी मधोमध खचला.
आणि बाबा नसलेल्या पहिल्या डिसेंबरात
नेमका जमला.
कुणी फार खाल्ला नाही.

तेवीस तारखेला रात्री
खडकी बाजारातल्या बेकरीची भट्टी आमची.
पाव बाहेर आले की डबे आत.
रांगेत कुकरची भांडी, एक हिंडालियमचं पातेलं,
साडीवर नवऱ्यांचे स्वेटर चढवलेल्या बायका,
थंडी अशी की बोलताना प्रत्येकीच्या तोंडून वाफ,
आणि सगळ्या बोलतच होत्या.
बाबा डबा सायकलच्या हँडलला अडकवून आणायचे,
दुसऱ्या पाळीवरून येऊन, चहाही न घेता.
हातांना कारखान्याच्या दारूचा वास,
पिशवीला व्हॅनिलाचा.
(ती दारू नव्हे, गोळ्यातली. हा खुलासा
ते स्वतःच करायचे, दरवर्षी, रांगेत.)

मुनाफभाई कानटोपी घालून भट्टीपाशी.
गल्ल्यावर मुलगा असतो आता.
त्यांनी फडक्यात धरून डबा बाहेर ओढला,
उचलून बुडाकडे पाहिलं, तिथे खिळ्याने कोरलेलं,
आणि डोळे बारीक करून सबंध गल्लीला ओरडून सांगितलं:
सदानंद दाविद ओहोळ!
बायका गप्प झाल्या.
त्यांच्याही लक्षात आलं असावं,
पण हाक मारून झाली होती,
आणि डबा गरम होता.
मी म्हटलं, आहे, आहे.
आणि पुढे झाले.

चोवीसच्या रात्री उशिरा कॅरलवाली पोरं आली.
गिटार, मफलर, एकाच्या पायात दोन रंगांचे मोजे.
चांगलं गातात.
खालचा सूर मात्र कुणी लावत नाही.
तो बाबांचा होता.
पोरांना ठाऊकही नाही
की तिथे काही होतं.
आईने त्यांना कॉफी दिली, करंज्या दिल्या,
आणि दार लावल्यावर
शेवटचं कडवं स्वतःशी, फक्त खालून, म्हटलं.

भक्तीनंतर आम्ही कबरस्तानात जातो.
आईच्या पर्समध्ये फॉइलमध्ये केकचा तुकडा.
आपल्यात मेलेल्यांना नैवेद्य दाखवत नाहीत,
पाळकसाहेबांनी दोनदा समजावलंय.
आई म्हणते, दाखवते कुठे?
मी तिथे बसून खाते.

आधी बाबांपाशी, मुकाट्याने, अर्धा.
मग चार ओळी सोडून आत्यापाशी.
दगडावर नदीवरून आलेलं दव होतं,
तिने पदराने पुसलं, टेकली, घास घेतला,
बराच वेळ चावत राहिली.
मग कबरीला विचारलं, कमी पडला ना गं?
आणि थांबली,
फोनवर पलीकडचा बोलत असताना थांबतात तशी.
एक साळुंकी कणांसाठी जवळ येऊन
आमच्याकडे संशयाने बघत राहिली.

रिक्षात मी विचारलं, काय म्हणाली?
अर्धा कप अजून, आई म्हणाली.
घरी गेल्यावर लिहून ठेव, नाहीतर विसरशील.

लिहून ठेवलं:
मैदा, अर्धा कप जास्त.
कुठला कप,
ते तिने सांगितलं नाही.